दीनशाळेची दुरुस्ती

मुलीला नव्या शाळेत पहिल्या दिवशी सोडायला गेलेला बाप काय बघतो? मुलीच्या बुटाची नाडी बघतो, दप्तराचा बंद बघतो, फार तर हातातलं घड्याळ बघतो. ऱ्हस्वरावांनी फाटकावरची पाटी बघितली आणि तिथेच सगळं बिनसलं.

ऱ्हस्वराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधून काढायचं काम करत. आणि उंचीने पाच फूट एक इंच होते. टोपणनाव ठेवायला छापखान्यातल्या लोकांना एवढी सामग्री पुरली. नाव इतकं चिकटलं की घरमालकाच्या पावतीवरही तेच यायला लागलं, आणि निदान त्यातला 'ऱ्ह' तरी बरोबर लिहिलेला असतो, यावर ऱ्हस्वरावांनी समाधान मानलं होतं.

तर पाटी. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत वरती शाळेचं नाव होतं, आणि त्याखाली शाळेची ओळख करून देणारी एक ओळ होती: 'स्वतंत्र सहशिक्षण ख्रिस्ती दीनशाळा'.

ऱ्हस्वराव जागच्या जागी थबकले. मागून येणारी एक सायकल त्यांच्या पोटरीला लागली, तरी त्यांना कळलं नाही. दिवसा भरते ती दिनशाळा. यातला 'दि' ऱ्हस्व. तो दीर्घ केला की ती दीनदुबळ्यांची शाळा होते. आणि आत बघावं तर हिरवंगार मैदान, छोटंसं टुमदार प्रार्थनामंदिर, पोहण्याचा तलाव, इस्त्रीच्या कपड्यांतली मुलंमुली. दीनवाणं असं त्या आवारात एकच होतं, ते म्हणजे फाटकात उभे असलेले ऱ्हस्वराव.

"बाबा, चल ना," मुलगी म्हणाली. ती सहावीत होती, अकरा वर्षांची, आणि बापाचा चेहरा तिला छापील मजकुरासारखा वाचता यायचा. तिने वर पाटीकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. "बाबा, नाही हं. तू कुणाला काही सांगायचं नाहीस."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुझ्या नाकपुड्या फुगल्यात."

या शाळेत प्रवेश मिळायला दोन वर्षं लागली होती. शाळा एका जुन्या ख्रिस्ती संस्थेची असली तरी सगळ्यांच्या मुलांना घेत असे, आणि त्यामुळेच सगळे तिथे रांगेत उभे असत. मुलीची मुलाखत झाली, मग आईबापांची झाली. त्यात ऱ्हस्वरावांनी घाबरून स्वतःचा छंद 'शांतता' असा सांगितला होता. इतक्या खटपटीने मिळालेल्या शाळेची पहिल्याच दिवशी चूक काढणं शहाणपणाचं नव्हतं, हे त्यांना समजत होतं. पण समजणं वेगळं आणि राहवणं वेगळं. दातात काहीतरी अडकल्यासारखी ती वेलांटी दिवसभर त्यांच्या डोक्यात अडकून राहिली.

"तुम्ही उद्यापासून मान खाली घालून जात जा," बायको म्हणाली. ती दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायची, आणि तिच्या बोलण्यात नेहमी दिवसातून तीन वेळा जेवणानंतर असा एक सूर असे. "फाटकापाशी आलं की डोळे मिटायचे, पोरीला आत सोडायचं, मागे फिरायचं. डोळे उघडायचे ते बसथांब्यावर."

"पण हजार माणसं रोज ती पाटी वाचतात!"

"वाचतात ना? कुणी मेलं का?"

ऱ्हस्वराव उठून वरच्या मजल्यावर गेले. तिथे एक निवृत्त हेडक्लार्क राहत. त्यांनी आयुष्यभर इतके अर्ज फेटाळले होते की आता कुणी नुसता सल्ला मागितला तरी ते हळवे होत.

"पत्र द्या," हेडक्लार्क म्हणाले. "तोंडी काही बोलू नका. तोंडी बोललं की ते भांडण होतं. लिहून दिलं की ते प्रकरण होतं. आणि प्रत ठेवा."

जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या तळमजल्यावरच्या काकूंनी हे ऐकलं. "कशाला शाळेच्या तोंडी लागता?" त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या बापाने एकदा शाळेच्या पाण्याबद्दल तक्रार केली. पोरगं दहावी होईपर्यंत खांबामागच्या बाकावर बसलं. अजून मान तिरकी करून बघतो."

ऱ्हस्वरावांनी दोन्ही सल्ले ऐकले आणि त्यातला जो घ्यायचा नव्हता तोच घेतला. पत्र अडीच पानी झालं. 'दिन' हा तत्सम शब्द असल्याने त्यातली वेलांटी मूळ भाषेप्रमाणे ऱ्हस्वच राहते, याचं सविस्तर विवेचन, जोडीला सात उदाहरणं आणि शेवटी 'आपल्या संस्थेचा हितचिंतक'. पत्र बंद करताना त्यांना असं वाटत होतं की शाळा आपले आभार मानेल, एखादा लहानसा कागद सूचनाफलकावर लागेल आणि मुलगी मैत्रिणींना तो दाखवेल.

तीन दिवसांनी मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं. मुलीला हे वर्गात शिपायाकडून कळलं. ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "शाळेत आलास तर मला ओळख दाखवायची नाही." त्यानंतर चार दिवस ती बापाशी आईमार्फत बोलत होती.

मुख्याध्यापिका उंच होत्या, शांत होत्या आणि अतिशय सरळ होत्या. अशा माणसांपुढे ऱ्हस्वरावांची उंची आणखी दोन इंच कमी होई. त्यांच्या खोलीतली पाहुण्यांची खुर्ची इतकी खोल होती की बसल्यावर त्यांची हनुवटी जवळजवळ टेबलाला टेकली.

"तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही चूक अकरा वर्षं तिथे आहे आणि मी रोज तिच्याखालून येते. मला लाज वाटली. आपण ती सुधारू या. आपण म्हणजे, तुम्ही."

"मी?"

"तुमच्याइतका जाणकार कुठून आणू? फक्त मंडळापुढे एकदा मांडा."

शाळा स्वतंत्र होती. म्हणजे तिला बाहेरच्या कुणाला काही विचारावं लागत नसे. आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी ती सगळं आपल्याच मंडळाला विचारत असे. मंडळाच्या बैठकीला मुख्याध्यापिकांखेरीज शाळेचे पाळक होते, म्हणजे प्रार्थनामंदिर सांभाळणारे धर्मोपदेशक, आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक दंतवैद्य होते. वेलांटीचा विषय पाच मिनिटांत संपेल अशा अंदाजाने ऱ्हस्वरावांनी छापखान्यातून अर्ध्या तासाची सुट्टी काढली होती.

पाळक अत्यंत प्रेमळ गृहस्थ होते. "माझं एवढंच म्हणणं आहे," ते म्हणाले, "की दीन या शब्दात वाईट काय आहे? आमच्याकडे दीनांबद्दल फार चांगलं बोललं जातं. ती वेलांटी तशीच राहिली तर आपल्याला थोडी नम्रता येईल."

"पण पाळकसाहेब, आपल्याकडे पोहण्याचा तलाव आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

पाळकांनी विचार केला आणि तलाव आहे हे मान्य केलं.

दंतवैद्य मात्र गप्प बसून पाटीचा फोटो न्याहाळत होते. एक दात दुखतोय म्हणून आलेल्या माणसाचे चार दात किडलेत असं सांगणं हा त्यांचा धंदाच होता. "वेलांटीचं सोडा," ते म्हणाले. "ही ओळ मुळातच चुकीची आहे. 'स्वतंत्र सहशिक्षण' म्हणजे काय? स्वतंत्र म्हणजे वेगवेगळं, सह म्हणजे एकत्र. मुलामुलींना वेगवेगळं बसवून एकत्र शिकवतो का आपण?"

अकरा वर्षं ज्या वाक्यावर कुणाचा आक्षेप नव्हता ते आता सगळ्यांनाच संशयास्पद वाटायला लागलं.

"मध्ये एक 'व' टाका," दंतवैद्य म्हणाले. "स्वतंत्र व सहशिक्षण. प्रश्न मिटला."

ठराव झाला. वेलांटी बदलावी, 'व' घालावा, आणि पुढची सर्व कार्यवाही सन्माननीय मुद्रितशोधक पालकांनी करावी. 'सन्माननीय' हा शब्द ऐकून ऱ्हस्वराव इतके फुलले की कार्यवाही या शब्दाकडे त्यांचं दुर्लक्षच झालं.

कार्यवाही म्हणजे नगरपालिकेचं पाट्यांचं खातं. रस्त्याला तोंड करून असलेल्या कुठल्याही पाटीवरचा मजकूर बदलायचा तर तिथून मंजुरी लागे. दोन खेपा तर अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे कळण्यातच गेल्या. पहिल्या खेपेला ज्या खिडकीपुढे ते पाऊण तास उभे राहिले ती कुत्र्यांच्या परवान्यांची होती, आणि तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेऊन, "चावतं का?" असं विचारलं होतं.

तिसऱ्या खेपेला ते योग्य माणसापुढे उभे राहिले. कारकुनाने जुनी मंजुरी काढली, नवा मजकूर शेजारी ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजायला सुरुवात केली. पुन्हा मोजली.

"जुनी मंजुरी चौदा अक्षरांची आहे," तो म्हणाला. "तुम्ही पंधरा लिहिलीत."

"एक 'व' वाढलाय फक्त."

"म्हणजे पाटी वाढली. वाढीव पाटीला पाहणी लागते. पाहणीवाले साहेब रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"ते आले की कळेल ना."

"अहो, वेलांटीसुद्धा बदलली आहे, ती चालते का?"

"वेलांटी आम्ही मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हे सगळं फुकट. अक्षरं चौदा पाहिजेत. तुम्ही एक कमी करा, मी आत्ता शिक्का मारतो."

मागे रांग होती. कुणाच्या तरी छत्रीची मूठ ऱ्हस्वरावांच्या बरगडीत रुतत होती. दुपारी दोन वाजता खिडकी बंद होणार होती आणि दोनला सहा मिनिटं कमी होती. ऱ्हस्वरावांनी तो कागद खिडकीच्या फळीवर आडवा धरला. 'व' काढला तर दंतवैद्य पुन्हा तोंड उघडतील. 'ख्रिस्ती' काढला तर पाळक काही बोलणार नाहीत, नुसते दुःखी होतील, ते त्याहून वाईट. 'दिनशाळा' तर प्राणापलीकडे. राहता राहिलं सहशिक्षण. पाच अक्षरं. आणि एकदम, अगदी वीज चमकावी तसं, त्यांना सुचलं. शेवटचा 'ण' उडवायचा आणि 'क्ष'ला काना द्यायचा. कान्याला कोण मोजतो?

त्यांनी खाडाखोड केली, कारकुनाने मोजलं. चौदा. शिक्का पडला. ठरावीक जागी ऱ्हस्वरावांनी पूर्ण नावाने सही केली, 'मजकूर तपासला, बरोबर आहे'.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळी लढाई सांगितली. कारकुनाच्या नियमाने कारकुनालाच कसं चीत केलं, हे सांगताना ते चक्क उभे राहिले. बायको मुलीच्या गणवेशाला गुंडी लावत होती. "मग झालं ना?" ती दोरा तोडत म्हणाली. "आता झोपाल ना नीट?"

खरं म्हणजे त्यांना थांबवायची एक संधी नियतीने दिली होती. पाटी रंगवणारा पेंटर कागद घ्यायला छापखान्यात आला होता. रंगाचे डाग पडलेला सदरा, कानामागे पेन्सिल, आणि चौथीनंतर शाळा सोडलेली. त्याने कागद दोनदा वाचला.

"साहेब, हे शिक्षण आहे का शिक्षा आहे?"

"जे लिहिलंय तेच," ऱ्हस्वराव हातातल्या कागदावरून डोळे न उचलता म्हणाले. "तुम्ही अक्षरं वळणदार काढा. अर्थाचं आम्ही बघतो."

पेंटरने खांदे उडवले आणि तो गेला. ऱ्हस्वरावांना आपण थोडं तोडून बोललो असं वाटलं, पण 'दि'ची वेलांटी पहिली आहे ना, हे सांगायचं राहिलं म्हणून ते जिन्यापर्यंत त्याच्यामागे धावले आणि त्या भरात ती टोचणी विसरून गेले.

सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर सगळी शाळा फाटकासमोर जमवली होती. पाटीवर चादर टाकली होती. मुख्याध्यापिका, पाळक, दंतवैद्य आणि ऱ्हस्वराव एका ओळीत उभे होते. ऱ्हस्वरावांनी लग्नातला कोट घातला होता, तो पोटावर बसत नव्हता, म्हणून त्यांनी श्वास आत धरून ठेवला होता. सहावीच्या रांगेत मुलगी दिसली. तिने ठरल्याप्रमाणे ओळख दाखवली नाही. पेंटर शिडी घेऊन बाजूला उभा होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शुद्ध लिहिणं म्हणजे काय, ते आपल्याला एका पालकांनी दाखवून दिलं. आता मी दोरी ओढते. तुम्ही सगळ्यांनी पाटी मोठ्याने वाचायची."

चादर सरकली. चारशे मुलांनी, पहिलीतल्या चिमुरड्यांपासून दहावीतल्या मिसरूड फुटलेल्यांपर्यंत, एका सुरात, प्रत्येक अक्षर सुटं करून वाचलं:

"स्व-तं-त्र व स-ह-शि-क्षा..."

आणि आवाज थांबला. क्षणभर कुणालाच काय झालं ते कळेना. मग तिसरीतल्या एका मुलीने स्वच्छ, शंका विचारल्याच्या आवाजात म्हटलं, "बाई, मुलामुलींना एकत्र शिक्षा?"

पहिल्यांदा दहावीची रांग फुटली. मग हसणं खाली खाली पसरत गेलं आणि शेवटी पहिलीतली मुलं, ज्यांना काहीच कळलं नव्हतं, ती सगळ्यात जोरात हसायला लागली. पाळकांनी रुमाल तोंडाला लावला. दंतवैद्यांचे खांदे हलत होते.

ऱ्हस्वरावांनी वर बघितलं. वेलांटी पहिली होती, सुबक, देखणी, एखाद्या दागिन्यासारखी. आणि तिच्यापासून दोन हात अलीकडे त्यांचाच काना उभा होता. त्यांनी धरून ठेवलेला श्वास सुटला आणि कोटाची वरची गुंडी उडून पाळकांच्या पायाशी पडली.

मुख्याध्यापिकांनी हात वर करून शाळा गप्प केली आणि त्या पेंटरकडे वळल्या. "हे काय लिहिलंत तुम्ही?" त्या हळू बोलत होत्या, पण त्यांच्या हळू बोलण्यालाच शाळा घाबरत असे. "कागदावर काय होतं, तुम्ही पाहिलं नाहीत?"

पेंटरने ऱ्हस्वरावांकडे बघितलं. फक्त बघितलं. खिशातला कागद काढला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. त्याला अशी बोलणी सवयीची असावीत. आणि खरं सांगायचं तर, पुढचे दोन-तीन क्षण ऱ्हस्वरावही गप्पच राहिले. ते क्षण फार लांब होते. तेवढ्यात त्यांच्या मनात येऊन गेलं की पेंटरला उद्या दुसरं काम मिळेल, आपल्याला दुसरी शाळा मिळणार नाही. की मुलगी आताच नव्या जागी रुळतेय. की नंतर त्या माणसाला बाजूला घेऊन माफी मागता येईल. सगळी कारणं व्यवस्थित होती. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यांच्यात.

मग त्यांनी सहावीच्या रांगेकडे बघितलं. मुलगी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होती.

"बाई," ऱ्हस्वराव म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. कागदावर तसंच होतं. मी लिहिलं, मीच तपासलं, सही केली. यांनी मला विचारलं होतं, शिक्षण का शिक्षा. मी त्यांना गप्प केलं."

कुणी हसलं नाही. खरं तर आता हसले असते तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापिका पेंटरकडे वळून म्हणाल्या, "मला माफ करा. मी विचारायच्या आधी बोलले." एवढ्या मुलांसमोर त्या असं म्हणाल्या, आणि ऱ्हस्वरावांना वाटलं की आपण शाळा चांगली निवडली.

"दुरुस्त करता येईल का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"रंग अजून कच्चा आहे, बाई," पेंटर म्हणाला. "काना पुसतो, 'ण' बसवतो. पण जागा नाही. एक अक्षर काढून शब्द अलीकडे घ्यावा लागेल."

सगळे दंतवैद्यांकडे बघायला लागले. "काढा तो 'व'," दंतवैद्य म्हणाले. "माझा आग्रह नाही. कधीच नव्हता."

मुलं रांगेने वर्गांकडे निघाली. शिडी जुनी होती, डुगडुगत होती, कुणीतरी खालून धरायला हवी होती. लग्नातल्या कोटासकट ऱ्हस्वरावांनी ती दोन्ही हातांनी धरली. निळा रंग टपकला तो आधी बाहीवर, मग टक्कलावर. चारशे मुलं त्यांच्याजवळून गेली आणि त्यांतल्या निम्म्यांनी त्यांना अतिशय आदराने नमस्कार केला, जो अपमानापेक्षा फार वेगळा नव्हता. एका मुलाने मित्राला विचारलेलं त्यांनी ऐकलं, "हे कुणाचे बाबा आहेत रे?"

"माझे," मागून आवाज आला.

मुलगी रांग सोडून आली होती. तिने दप्तर खाली ठेवलं आणि शिडीचा दुसरा पाय धरला.

"तू वर्गात जा," ऱ्हस्वराव म्हणाले. "शिक्षा होईल."

"मग आपल्याला एकत्र होईल," ती म्हणाली. वरती पेंटर हसला आणि शिडी आणखी डुगडुगली.

'ण' पूर्ण झाल्यावर पेंटर दोन पायऱ्या खाली उतरला. "साहेब, बघून घ्या. बरोबर आहे का?"

ऱ्हस्वरावांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "मला नका विचारू. हिला विचारा."

मुलगी चार पावलं मागे रस्त्यापर्यंत गेली. डोळ्यांवर हात धरून तिने पाटी सुरुवातीपासून वाचली, एकेका अक्षरावर थांबत, घाई न करता. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेवढा वेळ पेंटर ब्रश हातात धरून थांबला, फाटकातला शिपाई थांबला, मुख्याध्यापिकाही पायरीवर थांबल्या, आणि ऱ्हस्वराव टक्कलावर निळा ठिपका घेऊन, शिडी घट्ट धरून, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि दप्तर उचलून वर्गाकडे पळाली.